नानांच्या किंडलवर ब्लॉग, लेख दर आठवड्याला आपोआप उतरवायचे आहेत, ऑफलाइन वाचायला. कसं करू?

सड्यावरची – रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मदत हवीये. जरा सविस्तर लिहिते म्हणजे नेमकी अडचण कळेल.

माझे वडील (नाना) राजापूर तालुक्यात गावी असतात. घर सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, पोटात आहे, घरात फोनला रेंज नाहीच, काजूच्या बागेतून वर चढून गेलं की दोन काड्या येतात तेवढ्याच. नाना ७४ वर्षांचे आहेत, वाचन दांडगं, पेपर दुपारच्या एसटीने येतो आणि पावसात तोही चुकतो. पुण्याला माझ्याकडे आले की शेतीचे, इतिहासाचे, भटकंतीचे ब्लॉग आणि ऑनलाइन दिवाळी अंक दिवसभर वाचत बसतात, आणि गावी परतले की सगळं बंद. गेल्या वर्षी त्यांना किंडल घेऊन दिलं, ते फार आवडलंय त्यांना, अक्षर मोठं करता येतं आणि एकदा चार्ज केलं की वीज गेली तरी कित्येक दिवस चिंता नाही.

आत्तापर्यंत मी एकेक लेख उघडून, कॉपी करून, वर्डमध्ये चिकटवून पाठवत होते. रविवारचे दोन तास त्यात जायचे आणि मार्चएंडला ऑफिसचं काम वाढलं की तीन तीन आठवडे काहीच जायचं नाही. नाना तक्रार करत नाहीत, फक्त म्हणतात "सध्या जुनंच परत वाचतोय", ते ऐकलं की माझा जीव तुटतो.

तर हवंय ते असं, की ठरलेल्या दहा-बारा साइट्सवरचं नवीन लिखाण आठवड्यातून एकदा आपोआप गोळा व्हावं, त्याचं एक पुस्तक बनावं, आणि नाना बाजाराला राजापुरात जातात तेव्हा फोनचा हॉटस्पॉट लावला की ते किंडलवर येऊन पडावं. हॉटस्पॉट लावण्यापलीकडे नानांना काही करायला लागू नये. मी प्रोग्रामर नाही, अकाउंट्समध्ये आहे, पण सांगितलेलं नीट करते.

शाईपाटी – रविवार, रात्री १०:२५

ताई, तुम्हाला हवं ते सगळं कॅलिबरमध्ये होतं आणि फुकट होतं. कॅलिबर म्हणजे ई-पुस्तकं सांभाळायचं सॉफ्टवेअर, कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सोनीच्या एका रीडरसाठी सुरू केलं, आज बहुतेक सगळ्या रीडरवर चालतं. त्यात वर ‘फेच न्यूज’ नावाचं बटण आहे, त्याच्या शेजारच्या बाणावर क्लिक केलं की स्वतःची न्यूज सोर्स जोडायचा पर्याय येतो. तिथे नवीन रेसिपी बनवायची. रेसिपी म्हणजे कुठून काय आणायचं आणि कसं साफ करायचं त्याची कृती. साध्या रेसिपीला कोड लिहावा लागत नाही, नाव द्या, फीडचे, म्हणजे साइटवरच्या नव्या लेखांच्या यादीचे, पत्ते टाका, किती दिवसांपर्यंतचे लेख घ्यायचे तो आकडा टाका, झालं.

फीडचा पत्ता शोधायला डोकं लावावं लागत नाही. वर्डप्रेसचा ब्लॉग असेल तर पत्त्याच्या शेवटी स्लॅश देऊन फीड लिहायचं. ब्लॉगस्पॉट असेल तर स्लॅश फीड्स (अनेकवचनी, शेवटी एस), स्लॅश पोस्ट्स, स्लॅश डिफॉल्ट. आपले नव्वद टक्के मराठी ब्लॉग या दोन्हींतच बसतात.

मग शेड्यूलमध्ये वार आणि वेळ निवडायची. किंडलला स्वतःचा ईमेल पत्ता असतो तो कॅलिबरच्या ईमेल सेटिंगमध्ये टाकून ऑटो सेंडला टिक करा. आणि ज्या ईमेलवरून पाठवणार तो ॲमेझॉनच्या अकाउंटमध्ये, पर्सनल डॉक्युमेंट सेटिंग्जमध्ये मंजूर पत्त्यांच्या यादीत घालायला विसरू नका, नाहीतर पाठवलेलं पोचत नाही. पाठवायचं ते इपब या प्रकारची फाइल ठेवा. मोबी हा जुना प्रकार आता पाठवता येत नाही, जुन्या लेखांत अजून मोबीच लिहिलेलं असतं त्यामुळे लोक अडकतात.

सकाळची_७:०४ – सोमवार, सकाळी ७:३०

+१ कॅलिबरला. पण ज्यांच्याकडे कॉम्प्युटर नाही, नुसता अँड्रॉइड फोन आहे, त्यांच्यासाठी लिहून ठेवतो. मी कर्जतहून रोज येतो जातो, मध्ये नेट धड नसतं. फीडर नावाचं ॲप आहे, मोफत, जाहिराती नाहीत, खातं उघडायला लागत नाही. त्यात फीडचे पत्ते टाकायचे आणि सेटिंगमध्ये पूर्ण लेख आधीच आणून ठेवायचं चालू करायचं. सिंक फक्त वायफायवर आणि फक्त चार्जिंगला असताना असं ठेवलंय, त्यामुळे रात्री फोन चार्जिंगला लावला की सकाळी गाडीत बसेपर्यंत सगळं फोनमध्ये असतं, डेटा एक पैशाचा जात नाही. त्यात लेख वाचून दाखवायचीही सोय आहे, फोनमध्ये मराठी आवाज उतरवून ठेवला असेल तर मराठीही वाचतं. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर ती असंच ऐकत होती.

जुना_पाम – सोमवार, दुपारी १:१५

हा धागा बघून फार बरं वाटलं. मी हे २००२ पासून करतोय. तेव्हा माझ्याकडे पाम नावाचा हातात मावणारा छोटा कॉम्प्युटर होता, रात्री क्रेडलमध्ये ठेवायचा, हॉटसिंकचं बटण दाबायचं आणि अवांतगो नावाची सेवा निवडलेल्या साइट्सची पानं त्यात भरून द्यायची. नंतर प्लकर वापरलं, ते मुक्त सॉफ्टवेअर होतं, कुठलीही साइट द्या, किती पायऱ्या आत जायचं ते सांगा, सगळं एका फाइलमध्ये बांधून द्यायचं. मराठी मात्र पामवर दिसायचं नाही आणि त्या वेळच्या मराठी साइट्सही युनिकोडमध्ये नव्हत्या, प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा, तो नसेल तर पानभर अगम्य चिन्हं. मला हव्या त्या मराठी पानांची मी चित्रं बनवून प्लकरमध्ये घालत असे. एवढ्या छोट्या पडद्यावर सरकवत सरकवत वाचायचो, पण वाचायचो.

सांगायचं कारण वेगळं आहे. अवांतगो २००९ ला बंद पडलं. फीड वाचायचं गूगल रीडर १ जुलै २०१३ ला. लेख साठवायचं ऑम्निव्होर नोव्हेंबर २०२४ मध्ये गेलं आणि पॉकेट, ज्यात माझे अठराशे लेख साठवलेले होते, ते ८ जुलै २०२५ ला. दर वेळी लोकांची साठवण अडकली. म्हणून सड्यावरची यांना माझं कळकळीचं सांगणं, की सोय कुठलीही वापरा पण शेवटी इपबची फाइल आपल्या स्वतःच्या डिस्कवर पडली पाहिजे. इपब म्हणजे आतून साधी वेबपानंच असतात, झिप केलेली. उद्या कॅलिबर नसलं तरी ती उघडतील.

सड्यावरची – मंगळवार, रात्री ११:०५

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन रात्री बसून केलं, पुस्तक तयार झालं आणि माझ्या स्वतःच्या फोनवरच्या किंडलमध्ये आलंसुद्धा! पण बारापैकी पाच ब्लॉगचे लेख अर्धवट येतायत, एक परिच्छेद आणि खाली ‘पुढे वाचा’. त्यावर टिचकी मारली तर नेट लागतं, म्हणजे नानांना उपयोग शून्य. आणि एका ब्लॉगच्या प्रत्येक लेखाखाली पन्नास लिंकांची जंत्री येते, मागच्या महिन्यांची यादी, टॅग वगैरे. काय करू?

शाईपाटी – मंगळवार, रात्री ११:३०

असं होणारच. ब्लॉगवाल्याने सेटिंगमध्ये फीडला फक्त सारांश द्यायचं निवडलं असेल तर फीडमध्ये तेवढंच असतं. अशा ठिकाणी फीड फक्त पत्त्यांसाठी वापरायचा आणि मजकूर मूळ पानावरून आणायचा. तुमच्या रेसिपीत ॲडव्हान्स्ड मोडला जा, पायथॉनच्या दहा-बारा ओळी दिसतील, घाबरू नका. ‘यूज एम्बेडेड कंटेंट’ असं एक नाव असतं त्याला फॉल्स द्या, म्हणजे ते फीडमधल्या तुकड्यावर समाधान मानणार नाही.

जंत्रीसाठी ‘ऑटो क्लीनअप’ ट्रू असतं ते बहुतेक वेळा चालतं, पण या एका ब्लॉगला चालत नाहीये. तिथे ब्राउझरमध्ये लेखावर राइट क्लिक करून इन्स्पेक्ट करा, लेखाचा मजकूर ज्या डब्यात आहे त्याचा क्लास बघा आणि ‘कीप ओन्ली टॅग्ज’ मध्ये तेवढाच सांगा, आणि ऑटो क्लीनअप बंद करा, दोन्ही एकदम नको. त्या ब्लॉगची वेगळी रेसिपी केलेली बरी. तुमची रेसिपी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी ओळी घालून परत पाठवतो. आणि भाषेच्या जागी मराठीचा कोड म्हणजे एम आर लिहा. काही फॉन्ट भाषा बघून ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे देतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात.

खलाशी_दर्यावरचा – बुधवार, पहाटे ४:१०

मी मर्चंट नेव्हीत आहे, चार-सहा महिने बोटीवर. हल्ली बोटीवर नेट असतं पण मोजून मिळतं. माझा अनुभव असा की रोजच्या ताज्या लेखांबरोबर एक मोठा साठा जवळ असावा, कंटाळा आला की त्यात शिरता येतं. त्यासाठी किविक्स हे ॲप. अख्खा मराठी विकिपीडिया झिम नावाच्या एका फाइलमध्ये मिळतो, चित्रांसकट किंवा चित्रांशिवाय, फोनमध्ये टाकला की शोध पण चालतो, लिंका पण चालतात, सगळं नेटशिवाय. फक्त प्ले स्टोअरवरचं किविक्स कार्डावरच्या फाइली नीट उघडू देत नाही, त्यांच्या साइटवरून घ्या. आणि मराठी विकिस्रोतावरची जुनी, हक्क संपलेली पुस्तकं थेट इपब करून उतरवता येतात. नानांच्या किंडलवर झिम चालणार नाही पण विकिस्रोताचे इपब चालतील. बंदर सोडायच्या आदल्या रात्री मी दहा-बारा घेऊन ठेवतो.

रोपटं – बुधवार, सकाळी १०:५०

थोडं वेगळं विचारतो, माफ करा धागा भरकटत असेल तर. फीडमध्ये फक्त अलीकडचे लेख असतात, वर्डप्रेसमध्ये आकडा बदललेला नसेल तर शेवटचे दहाच मिळतात. मला एका बंद पडायला आलेल्या ब्लॉगचे दहा वर्षांचे लेख हवे होते, तर मी डब्ल्यूगेट (अख्खी साइट उतरवून घेणारा प्रोग्राम) वापरलं, मिरर आणि कन्व्हर्ट-लिंक्स हे पर्याय लावून. अर्ध्याहून जास्त लेख गायब निघाले आणि उरलेल्यांची नावं टक्क्याच्या चिन्हांची माळ झालीय. कोणाला अनुभव?

आडवाटेने – बुधवार, दुपारी ३:२० (आइंडहोव्हन)

रोपटं, यात मी एक अख्खा शनिवार घालवलाय त्यामुळे सांगतो. देवनागरीतलं एक चिन्ह, मग ते अक्षर असो की काना-मात्रा, युनिकोडच्या साठवणीत ३ बाइट घेतं. वेबच्या पत्त्यात तो प्रत्येक बाइट टक्का आणि दोन अंक असा लिहिला जातो, म्हणजे एका चिन्हाला ९ अक्षरं. आणि लिनक्समध्ये एका फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा. नाव तसंच टक्क्यांत उतरलं तर २५५ भागिले ९ करा, २८ चिन्हांत संपलं! ‘पावसाळ्यातल्या सह्याद्रीतली भटकंती भाग १’ हे शीर्षक मधल्या जागा सोडूनही ३६ चिन्हांचं आहे. मग डब्ल्यूगेट नाव कापतं, आणि भाग १, भाग २, भाग ३ सगळ्यांची सुरुवात सारखीच, कापल्यावर नाव एकच, एका लेखावर दुसरा बसतो. तुमचे लेख असेच गेले असावेत.

उपाय सोपा आहे, फाइलच्या नावांवर बंधनं घालायचा जो पर्याय आहे, रिस्ट्रिक्ट-फाइल-नेम्स, त्याला नोकंट्रोल द्या. मग नावं सरळ देवनागरीत राहतात आणि ८५ चिन्हांपर्यंत मावतात. शिवाय नो-पेरेंट लावा नाहीतर ते वरच्या फोल्डरात भटकतं, आणि ॲडजस्ट-एक्स्टेन्शन लावा म्हणजे फाइली फोनवरही उघडतील.

वहीतली_पानं – बुधवार, रात्री ८:४५

मी स्वतः ब्लॉग लिहिते, कोकणातल्या कातळशिल्पांवर आणि देवराया, जुन्या वाटा वगैरेवर. दुसऱ्या बाजूने दोन गोष्टी सांगायच्यात. कोणी माझे लेख उतरवून वडिलांना वाचायला देत असेल तर मला आनंदच आहे, लिहितो ते वाचलं जावं म्हणूनच. पण डब्ल्यूगेट सारखं लावताना कृपा करून एक पान आणल्यावर दुसरं मागायच्या आधी थोडा थांबा ठेवा. गेल्या पावसाळ्यात एका रात्री कोणीतरी माझी साइट सलग ओढली, सगळी मोठी चित्रं प्रत्येकी चार आकारांत. माझी होस्टिंग लहान आहे, महिन्याचा डेटा सहा तारखेला संपला आणि पुढचे तीन आठवडे साइट बंद. ज्याने केलं त्याच्या मनात वाईट नसेल, त्याला माहीतच नसणार. आणि उतरवलेलं स्वतःपुरतं ठेवा, त्याचे पीडीएफ ग्रुपवर फिरवू नका, लेखकाचं नाव आधी गळतं आणि मग लेखही दुसऱ्याच्या नावावर दिसतो.

शाईपाटी – बुधवार, रात्री ९:१०

शंभर टक्के सहमत. डब्ल्यूगेटला वेट म्हणून पर्याय आहे, ५ सेकंद द्या, रॅन्डम-वेट जोडा, लिमिट-रेट लावा. रात्रभर चालू द्या, आपल्याला काय घाई आहे. कॅलिबरच्या रेसिपीतही डिले असतो, तो काहीच दिलेला नसेल तर एकाच वेळी पाच पानं ओढली जातात, डिले दिला की आपोआप एकेक करून आणतं. मी सगळ्या रेसिपींत २ सेकंद घालतो. आणि वर्गणीच्या साइट असतील तर वर्गणी भरा, रेसिपीत युजरनेम पासवर्ड देऊन रीतसर लॉगिन करायची सोय आहे.

सड्यावरची – पुढच्या रविवारी, दुपारी १२:१५

पूर्ण लेख येतायत! शाईपाटी दादांनी रेसिपी दुरुस्त करून दिली, ३८ लेखांचा अंक झाला आणि चित्रं काढून टाकल्यामुळे अख्खी फाइल पावणेतीनशे केबी, हॉटस्पॉटवर क्षणात यावी. प्रत्येक लेखाच्या वर ब्लॉगचं आणि लेखकाचं नाव येईल असं करून घेतलंय, वहीतली_पानं यांचं वाचून.

आता शेवटची अडचण. शेड्यूल चालायला माझा लॅपटॉप चालू आणि कॅलिबर उघडं लागतं. बुधवारी नाना बाजाराला गेले, हॉटस्पॉट लावून बँकेच्या पायरीवर वीस मिनिटं बसले, आणि लॅपटॉप माझ्या बॅगेत बंद होता. घरी गेल्यावर वर चढून फोन केला त्यांनी, "नाही आलं काही, पण घाई नाही गो". ते वीस मिनिटं उन्हात बसले हे डोक्यातून जात नाहीये. हे माणसावर अवलंबून राहता कामा नये.

आडवाटेने – रविवार, दुपारी २:४०

ताई, जुना रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर) किंवा पडून असलेला जुना लॅपटॉप आहे का कोणाकडे? त्यावर लिनक्स आणि कॅलिबर टाका. कॅलिबरची खिडकी उघडायचीच गरज नाही. ईबुक-कन्व्हर्ट नावाची आज्ञा त्याच्यासोबत येते, तिला रेसिपीची फाइल द्या आणि समोर इपबचं नाव द्या, ती लेख आणून पुस्तक बांधून देते. मग कॅलिबर-एसएमटीपी नावाची दुसरी आज्ञा ते मेल करते. जीमेल असेल तर त्यासाठी वेगळा ॲप पासवर्ड काढावा लागतो, नेहमीचा चालत नाही. या दोन आज्ञा एका फाइलमध्ये लिहून क्रॉनला (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारी लिनक्समधली सोय) सांगायचं, दर मंगळवारी रात्री अमुक वाजता. इपबच्या नावात तारीख घाला म्हणजे जुना अंक पुसला जात नाही.

माझी आई साताऱ्याला असते, तिच्यासाठी मी इथून हेच चालवतो. तिच्याकडे मीच नेऊन दिलेला कोबो (किंडलसारखाच रीडर) आहे, त्यावर कोरीडर हे वाचायचं सॉफ्टवेअर टाकलंय, ते तर फीडवरून स्वतःच इपब बनवतं, मध्ये कॉम्प्युटरच नाही. पण त्यात तिला वायफाय लावून मेन्यूत जावं लागतं. नानांना मेलचाच मार्ग बरा.

एक काळजी घ्या. यंत्राचं घड्याळ बऱ्याचदा यूटीसीवर असतं, भारताच्या साडेपाच तास मागे. तुम्ही पहाटे ५ लिहिलंत तर अंक निघेल सकाळी साडेदहाला, तोवर नाना बाजारातून परत निघालेले असतील. आधी टाइमझोन कोलकाता करा, मग वेळ लिहा.

सड्यावरची – दोन आठवड्यांनी, बुधवार, रात्री १०:२०

मंडळी, चाललं. भावाच्या कपाटात जुना लॅपटॉप होता, स्क्रीन फुटलेला, तो राउटरच्या शेजारी ठेवलाय. काल रात्री ११ ला त्याने स्वतःच लेख आणले, अंक बांधला, पाठवला, मी तेव्हा झोपले होते. आज नाना बाजारात गेले, हॉटस्पॉट लावला आणि ताकाचा पेला संपायच्या आत अंक किंडलवर! संध्याकाळी काजूच्या बागेत चढून मुद्दाम फोन केला. तीन लेख वाचून झाले होते.

आणि एक तक्रार आहे त्यांची, खरी तक्रार, पहिल्यांदाच. वहीतली_पानं, ती तुमच्या लेखाबद्दल आहे. कशेळीच्या कातळशिल्पातल्या हत्तीवर तुम्ही लिहिलंय आणि मी चित्रं काढून टाकलीत. नाना म्हणाले, "अगो, एवढा मोठा हत्ती कातळावर, आणि चित्र कुठाय? बारसूच्या सड्यावर आम्ही गुरं घेऊन जायचो तेव्हा असल्या रेघांवर उभे राहून खेळायचो, त्या कशाच्या होत्या ते आता कळतंय. मला चित्र बघायचंय."

शाईपाटी – बुधवार, रात्री १०:४५

त्या एका ब्लॉगच्या रेसिपीत चित्रं चालू करा ताई. ‘कॉम्प्रेस न्यूज इमेजेस’ ला ट्रू द्या म्हणजे लहान होऊन येतील, आणि स्केल करायचा पर्याय आहे त्यात किंडलच्या पडद्याएवढी लांबीरुंदी द्या. तो पडदा करड्याच्या १६ छटा दाखवतो, कातळातल्या रेघांना तेवढं पुष्कळ आहे.

वहीतली_पानं – बुधवार, रात्री ११:३०

सड्यावरची, वाचून डोळ्यांत पाणी आलं. हत्तीचे फोटो मी उद्या वेगळे करून देते, रेघा उठून दिसतील असे, करड्या पडद्यासाठी. २०२२ मध्ये ही शिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली तेव्हापासून बारसूच्या बाजूच्या जुन्या माणसांच्या आठवणी मी जमवतेय, आणि गुरं चारताना त्यावर खेळलेलं माणूस मला अजून एकही भेटलेलं नाही. नानांना चार प्रश्न विचारायचेत, कुठल्या सड्यावर, कुठल्या आकृती, तेव्हा त्यांना गावात काय म्हणायचे. फोन लागणार नाही म्हणता, तर प्रश्न मी पुढच्या लेखाच्या शेवटी लिहिते. मंगळवारी रात्री तुमचं यंत्र घेऊन जाईलच.